डोंगरी वाड्यांचा साथरोग अहवाल ‘निरंक’ : रोग नाही, की भेट नाही?

प्रश्न : डोंगरशाळा (पाटण तालुका, जि. सातारा)

सर्वांना नमस्कार. मी पाटण तालुक्यातील एका डोंगरी गावात द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. गावाचे आणि उपकेंद्राचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कोणाची तक्रार करायची नसून एक व्यवस्था समजून घ्यायची आहे.

आमच्या शाळेत मूळ गावातली आणि वरच्या तीन वाड्यांतली मुले येतात. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात चौथीतल्या एका मुलाने सलग दोन दिवस पोषण आहाराला हात लावला नाही आणि तिसऱ्या दिवशी खिचडीच्या पातेल्यावरचे झाकण काढताच तो तोंडावर हात धरून बाहेर पळाला. मी त्याला व्हरांड्यात उजेडाकडे तोंड करून उभे केले आणि खालची पापणी ओढून पाहिली, तर डोळ्याचा पांढरा भाग हळदीचे बोट फिरवल्यासारखा पिवळा दिसत होता. मग हजेरीपत्रक समोर घेऊन बसलो, तेव्हा लक्षात आले की त्या दिवशी गैरहजर असलेल्या पाच मुलांपैकी चार एकाच वाडीतली आहेत. शाळा सुटल्यावर मी त्या वाडीवर चढून गेलो. चार घरांत मिळून सात जणांना कावीळ झालेली होती, त्यांत एक पाच महिन्यांची गरोदर स्त्री होती, आणि त्या सातांपैकी एकही जण प्राथमिक आरोग्य केंद्राची पायरी चढलेला नव्हता. शेजारच्या खोऱ्यातल्या एका माणसाकडून सगळ्यांनी काविळीची माळ घालून घेतली होती. ती माळ लांबत लांबत पोटाखाली उतरली की कावीळ उतरली, असा त्यांचा पक्का समज आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या आरोग्य सेविका ताईंना फोन केला. त्या भर पावसात दुपारपर्यंत वाडीवर पोहोचल्या, त्यांनी घर न् घर पाहिले, गरोदर बाईंना त्याच दिवशी खाली हलवण्याची व्यवस्था केली आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवले. त्यांच्या कामाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. परतताना त्यांनी मला प्रामाणिकपणे सांगितले की ओढ्यावरचा साकव वाहून गेल्यामुळे पाच आठवडे त्यांना त्या वाडीवर जाता आले नव्हते आणि त्या पाचही आठवड्यांत उपकेंद्राकडून काविळीच्या रकान्यात ‘निरंक’ असेच कळवले गेले होते.

तेव्हापासून ‘निरंक’ हा शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. वाडी पाहिली आणि तेथे रुग्ण नव्हता, हेही निरंक. वाडी पाहिलीच नाही, हेही निरंक. वर तालुक्याला आणि जिल्ह्याला बसलेल्या अधिकाऱ्यांना या दोन निरंकांतला फरक कसा कळत असेल? ही माहिती नेमकी कोणत्या वाटेने वर जाते, आणि माझ्यासारख्या शिक्षकाने किंवा ग्रामपंचायतीने त्यात कोठे हात लावावा? या क्षेत्रात काम केलेल्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर १ : जुना आरोग्य सहायक (सेवानिवृत्त, कराड)

गुरुजी, आपण हजेरीपत्रकातून साथ ओळखली, याचे मला मनापासून कौतुक वाटते. माझी सारी नोकरी सातारा जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात, आधी आरोग्य सेवक आणि नंतर आरोग्य सहायक म्हणून झाली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झाला. त्यात माहिती तीन नमुन्यांत, म्हणजे ठरलेल्या फॉर्ममध्ये, गोळा होते. ‘एस’ नमुना उपकेंद्रातील आरोग्य सेविका किंवा सेवक भरतात आणि तो केवळ लक्षणांवर आधारलेला असतो. ‘पी’ नमुना डॉक्टरांनी तपासून केलेल्या संभाव्य निदानाचा असतो. आणि ‘एल’ नमुना प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या रोगाचा असतो. आपल्या प्रश्नाचे मूळ ‘एस’ नमुन्यात आहे. सेविकेने रोगाचे निदान करावे, अशी अपेक्षा तेथे नाहीच. सात दिवसांच्या आतला ताप, तापाबरोबर पुरळ किंवा रक्तस्राव, पातळ जुलाब, जुलाबात रक्त, कावीळ, १५ वर्षांखालील मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडणे, अथवा ज्यात माणूस दगावला वा दवाखान्यात भरती करावा लागला असा कोणताही अनोळखी प्रकार, एवढे तिने डोळ्यांनी पाहून आणि कानांनी ऐकून नोंदवायचे असते. कावीळ अशी आहे की ती आपल्यासारख्या शिक्षकालाही दिसते, आणि एकाच वस्तीत वेगवेगळ्या घरांत दोन-तीन जण पिवळे दिसले तर प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता चौकशी सुरू करायची असते.

आता निरंकाविषयी. शून्य कळवणे हे सर्वेक्षणात अत्यंत महत्त्वाचे मानले जाते, कारण शून्य कळवणारा माणूस ‘मी शोधले आणि सापडले नाही’ असे सांगत असतो. न शोधता लिहिलेले शून्य मात्र कोऱ्या रकान्यापेक्षाही अधिक घात करते. कोरा रकाना पाहून वरचा माणूस निदान फोन तरी करतो. शून्य पाहून तो निश्चिंत होतो.

मी नोकरीला लागलो तेव्हा हिवतापाच्या कामासाठी आरोग्य सेवकाने दर पंधरवड्याला प्रत्येक घराला भेट द्यायची, तापाचा रुग्ण असेल तर बोटातून रक्त घेऊन काचपट्टी करायची, आणि दाराशेजारच्या भिंतीवर रंगाने छापलेल्या चौकटीत भेटीची तारीख व सही टाकायची, अशी शिस्त होती. पाहणीला आलेला अधिकारी नोंदवही उघडण्याआधी ती भिंत पाहायचा. एखाद्या घराच्या चौकटीत दोन महिने तारीख नसली तर तेथला ‘ताप नाही’ हा शेरा कोणी खरा धरत नसे. आज नोंदी भरायला टॅब्लेट संगणक आले, ते चांगलेच झाले, परंतु त्या चौकटीने जे काम केले ते करणारी जागा आपण हरवून बसलो, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर मी स्वतःपुरता एक उपाय केला होता. माझ्या देखरेखीखालच्या उपकेंद्रांच्या वहीत ‘भेट दिली, रुग्ण नाही’ आणि ‘भेट झाली नाही’ असे दोन वेगळे रकाने मी हाताने आखून दिले. पहिल्या बैठकीत ‘भेट झाली नाही’ हा रकाना भरलेला दिसल्यावर कर्मचाऱ्यांना बोलणी खावी लागली, आणि पुढच्या महिन्यात तो रकाना आपोआप रिकामा झाला. मग मी वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोललो आणि त्यांनी त्या रकान्यावरून कोणालाही जाब विचारायचा नाही असे ठरवले, तेव्हा कोठे खरी माहिती येऊ लागली. पुढे एका पावसाळ्यात अतिसार सुरू झाला आणि आम्हाला आधी कोणत्या तीन वाड्यांकडे धावायचे, हे त्या रकान्यावरूनच समजले.

आपल्या वाडीबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवा. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीत विषाणू शरीरात गेल्यापासून डोळे पिवळे दिसेपर्यंत हेपटायटिस ए मध्ये सरासरी चार आठवडे आणि हेपटायटिस ई मध्ये दोन ते आठ आठवडे जातात. म्हणजे गणपतीच्या तोंडावर दिसलेली कावीळ बहुधा आषाढाच्या पावसात प्यायलेल्या पाण्याची आहे. आजचे पाणी तपासून ते चांगले निघाले, म्हणून पाण्याचा दोष नव्हता असा निष्कर्ष कोणी काढू नये. पुढच्या काही आठवड्यांत आणखी रुग्ण निघू शकतात, याची वाडीला आताच कल्पना द्या. आणि गरोदर स्त्रियांकडे सर्वांत आधी पाहा. हेपटायटिस ई शेवटच्या तिमाहीत जिवावर बेततो.

उत्तर २ : बाजारपेठ दवाखाना (ढेबेवाडी परिसर)

मी खासगी वैद्यकीय व्यावसायिक आहे. गुरुजींच्या लेखात माझ्या बाजूची एक मोठी फट राहून गेली आहे, ती मांडतो. बाजाराच्या दिवशी माझ्याकडे दहा-बारा वाड्यांतले रुग्ण येतात. त्यांतले बरेच जण उपकेंद्राला ठाऊकच नसतात, कारण बाजार, किराणा आणि दवाखाना ही तिन्ही कामे एकाच फेरीत उरकून ते संध्याकाळच्या एसटीने परत जातात. ‘पी’ नमुन्यातील माहिती खासगी डॉक्टरांनीही देणे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात आमच्यापैकी फार थोडे जण ती देतात.

मी स्वतः अनेक वर्षे केसपेपरवर रुग्णाच्या नावापुढे फक्त मूळ गावाचे नाव लिहीत असे. एकदा तीन दिवसांत जुलाबाचे सहा रुग्ण आले आणि मी ते तीन वेगवेगळ्या गावांचे समजून गेलो. ते सहाही जण एकाच लग्नाच्या पंगतीला जेवले होते, हे मला आठवड्याने कळले, आणि तोवर त्या पंगतीतल्या एका वृद्धाला अतिशय शुष्क अवस्थेत कराडला न्यावे लागले होते. त्या दिवसापासून माझ्याकडे वाडीचे नाव आणि गेल्या आठवड्यात बाहेर कोठे जेवलात, हे दोन प्रश्न प्रत्येक जुलाबाच्या रुग्णाला विचारले जातात, आणि एका वाडीतले दोन रुग्ण दिसताच मी प्राथमिक आरोग्य केंद्रात फोन करतो. त्याला दोन मिनिटे लागतात.

उत्तर ३ : शिवसागरपलीकडे (समुदाय आरोग्य अधिकारी, महाबळेश्वर तालुका)

गुरुजी, जुन्या आरोग्य सहायक काकांनी लिहिलेले बहुतेक सारे पटले, तरी आजच्या पद्धतीविषयी थोडी भर घालते. एप्रिल २०२१ पासून ही माहिती एकात्मिक आरोग्य माहिती मंचावर, म्हणजे ‘आयएचआयपी’ या संगणकीय व्यवस्थेवर भरली जाते. पूर्वी सोमवार ते रविवार अशा आठवड्याची एकत्रित बेरीज कागदावर जात असे. आता प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र नोंद शक्य तो त्याच दिवशी करायची असते आणि ती तालुका, जिल्हा, राज्य अशा सर्व पातळ्यांवर एकाच वेळी दिसते. ही मोठी सुधारणा आहे. मात्र आमच्या भागात रुग्ण पाहण्याची जागा आणि नोंद भरण्याची जागा एक नसते. कांदाटी खोऱ्यातल्या वस्त्यांवर दिवसभर फिरायचे, वहीत लिहायचे, आणि लाँचमधून परतताना कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या मध्यावर रेंज आली की तेथे बसून भरायचे, असा माझा कित्येक दिवसांचा क्रम आहे.

डोंगरी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे, सपाटीला तो ५,००० आहे. वाळवा तालुक्यात एवढी लोकसंख्या एका मोठ्या गावात सापडेल. आमच्याकडे तीच लोकसंख्या जंगलात, पाणलोटाच्या दोन्ही बाजूंना, पंधरा-वीस वस्त्यांत विखुरलेली असते. निकषाने लोक मोजले आहेत, वाट मोजलेली नाही. त्यातच लसीकरणाचे ठरलेले दिवस, गरोदर मातांच्या तपासण्या, क्षयरोग आणि रक्तदाबाच्या औषधांचे वाटप आणि रोज निघणाऱ्या निरनिराळ्या याद्या. त्यामुळे प्रत्येक वस्तीवर दर आठवड्याला जाणे पावसाळ्यात अशक्य आहे, आणि हे आपण सर्वांनी उघड मान्य केले, तरच पुढचा मार्ग निघेल.

दुसरी अडचण नावाची आहे. नोंद करताना यादीतून निवडायला मिळते ते महसुली गाव. वाडी स्वतंत्र नसते, ती पत्त्यात वेगळी लिहावी लागते, आणि घाईत ती राहून जाते. तुमच्या वाडीतले सात रुग्ण दीड हजार वस्तीच्या मूळ गावाच्या नावावर पडले असते तर आकडा किरकोळ दिसला असता; चाळीस घरांच्या वाडीत सात म्हणजे हाहाकार आहे. म्हणून मी पत्त्याच्या रकान्यात वाडीचे नाव आणि पाण्याचा स्रोत, उदाहरणार्थ ‘वरचा झरा’ किंवा ‘खालची विहीर’, दोन्ही लिहिते. आरोग्य केंद्राने यादी उघडली की एकाच झऱ्याची माणसे डोळ्यांसमोर येतात.

जेथे जाता येत नाही तेथे मी फोन करते. प्रत्येक वस्तीवर एक माणूस ठरवून ठेवला आहे. कोठे तो पोलीस पाटील आहे, कोठे अंगणवाडी ताई, एका ठिकाणी लाँच चालवणारा मामा.

उत्तर ४ : जुना आरोग्य सहायक

ताई, फोनविषयी माझा अनुभव फारसा चांगला नाही. ‘काय चाललंय, कोणी आजारी आहे का?’ असे विचारले की ‘सगळं बरं आहे’ हेच उत्तर येते, आणि तेही न पाहिलेले निरंकच होऊन बसते. डोंगरातला माणूस अंथरुणाला खिळल्याशिवाय स्वतःला आजारी म्हणवत नाही.

उत्तर ५ : शिवसागरपलीकडे

काका, तुमचे म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच मी ‘आजारी’ हा शब्द उच्चारतच नाही. या आठवड्यात कोणाला जुलाब लागले, कोणाचे डोळे पिवळे दिसतात, कोण तापाने भाताच्या खाचरात गेले नाही, कोणाला झोळीतून किंवा होडीतून खाली नेले, आणि कोण वारले, असे पाच प्रश्न मी त्याच क्रमाने विचारते. मागच्या पावसाळ्यात ‘भांगलणीला कोण आले नाही?’ या एका प्रश्नावर चार तापाचे रुग्ण निघाले होते. तरीही तुमचा रकाना मी उद्यापासून वहीत आखते. भेट, फोन आणि काहीच नाही, असे तीन भाग करीन.

उत्तर ६ : चांदोलीकाठ (आशा स्वयंसेविका, शिराळा तालुका, जि. सांगली)

नमस्कार गुरुजी. मी शिराळ्याच्या पश्चिम बाजूला आशा म्हणून काम करते. आमच्या भागात धनगरवाड्यांची खबर सर्वांत आधी दूध घालायला येणाऱ्या माणसाला असते. घरात आजारपण असले की त्या घरचे दूध एक तर येत नाही, नाही तर दुसऱ्याच्या हातून येते. म्हणून मी सकाळी अर्धा तास दूध संकलन केंद्राजवळ थांबते. हे काम कोणी मला नेमून दिलेले नाही, पण त्यातून मला दोनदा जुलाबाची लागण पहिल्या दिवशीच समजली आणि ओआरएसची पाकिटे घेऊन मी त्याच दुपारी वर गेले.

माळ घालणाऱ्या माणसाविषयी लिहिते. आपण त्याच्याशी भांडलो तर लोक कावीळ आपल्यापासून लपवतात. आमच्याकडच्या आजोबांना मी एवढेच सांगितले, की तुम्ही माळ घाला, मात्र कोणत्या वाडीचा माणूस आला ते मला सांगा, गरोदर बाई आली तर आधी माझ्याकडे पाठवा, आणि पाणी उकळून प्यायला सांगा. आता ते स्वतः नातवाच्या फोनवरून मला कळवतात. माळेने कावीळ जात नाही, हे मी लोकांना सांगतच असते. पण माळ घालणाऱ्याकडे रुग्णांची जी यादी असते ती आरोग्य केंद्राकडे नसते, हेही तितकेच खरे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : डोंगरशाळा

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, मी ऋणी आहे. दरम्यान जे घडले ते कळवतो.

वाडीतल्या रुग्णांची संख्या सातावरून अकरा झाली. काकांनी आधीच सांगून ठेवल्यामुळे लोक घाबरले नाहीत, आणि नवे चारही जण पहिल्या दोन दिवसांतच खाली तपासणीला आले. गरोदर बाईंची तपासणी कराडला झाली. त्यांची प्रकृती आता सुधारते आहे आणि त्या माहेरी आहेत. रक्ताचे नमुने पुढे पाठवले आहेत.

आरोग्य सेविका ताई, ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक आणि मी असे तिघे झऱ्यापासून वाडीपर्यंत नळी धरून चालत आलो. झरा स्वच्छ होता. साठवण टाकीही ठीक होती. वाडीच्या वरच्या अंगाला एका शौचालयाच्या शोषखड्ड्याखालून नळी येते, तेथे तिचा सांधा सायकलच्या ट्यूबने आवळून बांधलेला सापडला आणि भोवतीची माती चिंब भिजलेली होती. जलसुरक्षकांनी समजावले की पाणी चालू असताना अशा सांध्यातून ते बाहेर झिरपते, परंतु रात्री टाकी बंद केली की रिकाम्या होणाऱ्या नळीत ओढ निर्माण होऊन भोवतालचे घाण पाणी आत शिरते. नळाला जे पहिले पाणी सकाळी येते, तेच बायका पिण्याच्या हंड्यात भरतात. टाकीतल्या पाण्यात ब्लीचिंग पावडर नियमित टाकली जात होती आणि तेथे ओटी चाचणीला, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरले आहे का हे दाखवणाऱ्या चाचणीला, पिवळा रंगही येत होता. शेवटच्या घराच्या नळावर मात्र रंग आलाच नाही. यापुढे चाचणी शेवटच्या नळावर करायची, असे ठरले आहे. सांधा बदलून नळी खड्ड्यापासून दूर घेतली, त्याचा खर्च ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या निधीतून झाला.

शाळेत मी हजेरीपत्रकाच्या मागच्या पानावर वाडीवार गैरहजेरी आणि तिचे कारण लिहू लागलो आहे. एका वाडीतली तीन मुले एकाच कारणाने आली नाहीत तर त्याच दुपारी ताईंना फोन करायचा, एवढे आमचे ठरले आहे. पाचवीतल्या मुलींनी ती नोंद स्वतःकडे घेतली आहे आणि त्या माझ्यापेक्षा काटेकोरपणे ठेवतात.

साकव अजून झालेला नाही. या आठवड्याच्या वहीत ताईंनी लिहिले आहे : दोन वाड्यांना भेट दिली, रुग्ण नाही; तिसरीशी फोनवर बोलणे झाले, एक ताप; पाण्याचा जोर ओसरताच पाहणे बाकी.